हौद नको, विहीर हवी : आपल्या मातीतली ॲनिमेशन मालिका घडवताना

परभणीच्या एका कार्यशाळेत अकरावीतल्या मुलीने मला तिची वही दाखवली. चाळीस-पन्नास पानं भरून पात्रं काढलेली होती. एक शूर मुलगी, तिचा उडता घोडा, काळ्या झग्यातला दुष्ट राजा. रेघ इतकी मोकळी की मी वही दोनदा चाळली. मग विचारलं, "पहिल्या भागात राजा हरला. दुसऱ्या भागात हिला काय हवंय?" ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "सर, तिथं तर गोष्टच संपली."

चित्रं काढणारी पोरं आपल्याकडे कमी नाहीत. शाळेच्या भिंतीवर, गणपतीच्या देखाव्यात, लग्नाच्या बोर्डावर त्यांचा हात दिसतो. अडतं ते त्याच्या पुढे. एका चांगल्या चित्रापासून बावन्न भागांच्या मालिकेपर्यंत कसं जायचं, हे त्यांना कोणी मराठीत बसून सांगत नाही. मी बारा वर्षं हैदराबाद आणि पुण्यात स्टोरीबोर्ड (पटकथेची चौकटी-चौकटींतली कच्ची चित्रं) केले, आता अंबाजोगाईत राहून करतो. त्या कामात जे हाती लागलं ते इथे क्रमाने मांडतोय. या सगळ्या टप्प्याला आमच्या धंद्यात डेव्हलपमेंट म्हणतात. कल्पना सुचल्यापासून ती चॅनेलच्या टेबलावर ठेवेपर्यंतचं काम म्हणजे डेव्हलपमेंट. नोकरी किंवा कॉलेज सांभाळून करणार असाल तर वर्षभर धरून चाला.

पाझर आहे का बघा

हौद एकदा भरला की उपसून संपतो. विहिरीला पाझर असेल तर संध्याकाळी तळ दिसला तरी सकाळी पुन्हा घागर बुडते. सिनेमाला हौद चालतो, मालिकेला विहीर लागते. त्या मुलीचा दुष्ट राजा हौदातला होता.

पाझर तपासायची माझी रीत अशी आहे. एकही चित्र काढायच्या आधी वीस भागांच्या वीस ओळी लिहा. एका भागाला एकच ओळ: कोणाला काय हवंय आणि आड काय येतंय. पहिल्या सहा-सात ओळी सहज येतात. दहाव्या-बाराव्या ओळीला जर तुम्ही बाहेरून भूत, चोर, परग्रहावरचा पाहुणा आणायला लागलात, तर समजा की कल्पनेला स्वतःचं पाणी नाही. तिथेच थांबा आणि कल्पना बदला. या टप्प्यावर बदलायला एक संध्याकाळ लागते. पुढे जाऊन बदलायची झाली तर सहा महिन्यांची चित्रं वाया जातात.

माझंच उदाहरण सगळ्या लेखभर वापरतो, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. मला दुष्काळी गावातल्या मुलांची मालिका करायची होती. पहिली कल्पना होती पाण्याच्या टँकरची. रोज टँकर येतो किंवा येत नाही, आणि मुलं काय काय करतात. नऊ ओळींत आटली. कारण शोधलं तेव्हा कळलं की टँकर ही अडचण आहे आणि अडचणीपुढे माझी मुलं फक्त वाट बघत होती. वाट बघणाऱ्या पात्रावर मालिका चालत नाही. पात्राला रोज करण्यासारखं काम लागतं.

मग गावातल्या पाणाड्याकडे लक्ष गेलं. तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून चालणारा, नारळ उभा राहिला की "हितं पाणी हाय" म्हणणारा म्हातारा. त्याला एक नात दिली, गोदा, वय नऊ. लोक आबांकडे पाण्यासाठी येतात, पण गावच ते, हळूहळू हरवलेली प्रत्येक वस्तू त्यांच्याकडे यायला लागते. आबा नारळाने हुडकतात, गोदा डोळ्यांनी. गाव तिला ‘हुडकी’ म्हणतं. मालिकेचं नावही तेच.

आता ओळी बघा. शाळेची घंटा रात्रीतून नाहीशी होते. आबांचा चष्मा हरवतो आणि ते कबूल करत नाहीत. पोळ्याच्या आदल्या दिवशी वासराची घुंगरमाळ सापडत नाही. ऊसतोडीला गेलेल्या मैत्रिणीचं दप्तर वर्गात सापडतं, मैत्रीण मात्र नसते. एक पाणंद तलाठ्याच्या नकाशात आहे, शिवारात नाही. आजीला जात्यावरच्या ओवीची शेवटची ओळ आठवत नाही, ती ओळ हुडकायची. वीस ओळी दोन दिवसांत झाल्या आणि एकविसावी सुचली म्हणून मी रात्री उठून बसलो. पाझर असा कळतो.

एक गोष्ट इथेच ठरवावी लागली. नारळ खरा की खोटा? मी ठरवलं की नारळाची जादू खरी ठरवायची नाही आणि आबांना हसायचंही नाही. आबांनी साठ वर्षं मातीचा रंग, उंबराची झाडं, वारुळं, मुरूम पाहिलेला आहे. त्यांच्या पायाला जे कळतं ते त्यांना शब्दांत सांगता येत नाही, म्हणून ते नारळाच्या तोंडून बोलतात. गोदा ते शब्दांत आणते. मालिकेचा असा एखादा नाजूक मुद्दा असेल तर पहिल्याच महिन्यात एका परिच्छेदात लिहून काढा. पुढे दहा लेखक आणि चाळीस चित्रकार आले की प्रत्येक जण तोच प्रश्न विचारतो.

वय आणि लांबी

यात फार गुंतू नका, पण ठरवल्याशिवाय पुढेही जाऊ नका. चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी साधारण सात मिनिटांचा भाग पुरतो. सहा ते दहा-अकरा वर्षांच्या मुलांसाठी अकरा मिनिटं हे सर्वांत रुळलेलं माप आहे, कारण जाहिराती धरून अर्ध्या तासाच्या जागेत असे दोन भाग बसतात. सलग मोठी गोष्ट सांगायची असेल तर बावीस मिनिटं. हंगाम बहुधा 26 किंवा 52 भागांत मोजतात. ‘हुडकी’ सहा ते दहा वर्षांसाठी, 52 भाग, अकरा मिनिटांचे. ‘सगळ्यांसाठी’ असं कागदावर लिहिलंत तर चॅनेलवाले तो कागद बाजूला ठेवतात, कारण त्यांना दुपारी चारला काय लावायचं आणि संध्याकाळी सातला काय, हे ठरवायचं असतं.

पात्रं: आधी ओढाताण, मग नाक-डोळे

प्रत्येक पात्राच्या नावाखाली तीन वाक्यं लिहा. त्याला काय हवं असतं, त्याच्या अंगात कोणती खोड आहे, आणि ते इतरांपासून काय लपवतं. गोदाला प्रत्येक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघायची असते. तिची खोड म्हणजे तिला दम धरवत नाही, अर्धा पुरावा मिळाला की ती पळत सुटते. आबांना मान हवा असतो. त्यांना आता कमी दिसतं, हे ते लपवतात. शेजारचा रफिक एसटी स्टँडवर वडिलांच्या चहाच्या गाड्यावर बसतो, त्याला गावात येणाराजाणारा प्रत्येक माणूस माहीत असतो, आणि त्याच्या पोटात गुपित टिकत नाही. हुडकणाऱ्या पोरीला बडबडा मित्र दिला की निम्मे प्रसंग आपोआप उभे राहतात.

पात्रं वेगळी झालीत का, हे बघायला मी त्यांना अंबाजोगाई-लातूर एसटीच्या एका सीटवर बसवतो. कोणतीही दोन पात्रं, तासाभराचा प्रवास, गोष्ट काहीच नाही. काय बोलतील ते लिहायचं. नावं झाकून वाचल्यावर कोण बोलतंय ते ओळखू आलं पाहिजे. दोघं सारखीच बोलत असतील तर त्यांचं एकच पात्र करा.

बोलीबद्दल मला मनापासून सांगायचंय. पडद्यावर आपली बोली बहुतेक वेळा बावळट नोकराला किंवा दारुड्याला मिळते आणि नायक पुस्तकी बोलतो. तुमच्या मालिकेत असं होऊ देऊ नका. हुशार पोरीनेच "काय करूलालास रं?" म्हणावं. आजोबांनी नातीला "कुठं चाललीस गं माय?" असंच विचारावं, कारण आपल्याकडे लेकीबाळींना माय म्हणतात आणि त्या एका हाकेत जे आहे ते ‘बाळ’मध्ये येत नाही. मात्र प्रत्येक क्रियापद बोलीत वळवायचा अट्टहासही नको. लातूरची, नांदेडची, बीडची बोली एक नाही. एक गाव पकडा, तिथला हेल पकडा, पंचवीस-तीस शब्दांची यादी करा आणि सगळ्या भागांत तीच पाळा.

महिनाभर फक्त बघा

कॉम्प्युटरवर बसायच्या आधी आठवडी बाजारात जा. लहान वही, जाड पेन्सिल, एका माणसाला तीस सेकंद. चेहरा काढू नका, बसणं-उठणं काढा. उकिडवं बसलेला म्हातारा उठताना आधी कोणता हात गुडघ्यावर टेकवतो? डोक्यावर हंडा, त्यावर कळशी आणि हातात बादली घेतलेल्या बाईची मान हलत नाही, कमरेपासून खालचं शरीर डुलतं, आणि बादलीच्या विरुद्ध बाजूचा कोपर बाहेर जातो. ॲनिमेशनमध्ये वजन दिसलं नाही तर सगळं कागदी वाटतं, आणि वजन कुठे जातं हे इंटरनेटवरच्या तयार नमुन्यांत आपल्या हंड्यासकट सापडत नाही. मी महिनाभरात तीन वह्या भरल्या. आबांची चाल त्यातल्याच एका पानावरून आली, केजच्या बाजारातल्या एका बैल बघणाऱ्या माणसाची.

रेघ ठरवताना: हे बावन्न वेळा काढायचंय

आता थोडा हिशोब. आपल्याकडे टीव्हीसाठी सेकंदाला 25 फ्रेम धरतात. अकरा मिनिटं म्हणजे 660 सेकंद, म्हणजे 16,500 फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम टिकवलं तरी 8,250 चित्रं. बावन्न भागांची 4,29,000. आणि हे पडद्यावर एकच पात्र असताना. प्रत्यक्षात रिग (सांधे बांधलेलं, कठपुतळीसारखं हलवता येणारं पात्र) वापरून किंवा पोझ थांबवून हा आकडा खूप खाली आणतात, पण पात्र रेखाटताना तो भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. 2008 साली पोगोवर आलेला छोटा भीम आठवा. उघडं अंग, एक धोतर, साधी गोल रेघ. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड स्टुडिओला तो मुलगा वर्षानुवर्षं काढता आला, त्यात या साधेपणाचा वाटा मोठा आहे.

माझी सर्वांत मोठी चूक वासरात झाली. गोदाला एक वासरू द्यायचं होतं आणि मी लातूर भागातला म्हणून मनात देवणी ही गाईंची जातच होती. देवणीतला शेवेरा काढला, पांढऱ्या अंगावर वेडेवाकडे काळे ठिपके. समोरून सुंदर दिसला. मग वासरू फिरवायला घेतलं. समोरून, पाऊण (समोर आणि बाजू यांच्या मधला कोन), बाजूने, मागून. प्रत्येक कोनात ठिपके सरकायला हवेत, पोटाच्या गोलाईवर वळायला हवेत. वासरू धावलं की ठिपके अंगावर न राहता अंगावरून पोहल्यासारखे दिसायचे. दोन आठवडे झगडलो. रिगमध्ये प्रत्येक ठिपका वेगळा बांधावा लागला असता.

मग देवणीतलाच वानेरा करून पाहिला, पांढरं अंग आणि तोंडावर काळा भाग. ते बरं झालं असतं. पण शेवटी लाल कंधारी घेतला. कंधारची ती जनावरं अंगभर एकाच गडद तांबड्या रंगाची असतात. एक रंग, एक सावली, डोळ्याभोवती थोडं गडद. काळ्या मातीवर तो रंग लांबूनही उठून दिसतो, हा वरचा फायदा. वासराचं नाव लाल्या. जात खरी, प्रदेश आपलाच, आणि काढायला सोपा. तुमच्या यादीतल्या प्रत्येक नक्षीला हाच प्रश्न विचारा. पैठणीच्या पदरावरचे मोर चालत्या बाईच्या अंगावर काढायचे म्हणजे मरण. आजीला दोन पट्ट्यांच्या काठाचं साधं लुगडं द्या. आबांच्या फेट्याला वीस पीळ नकोत. तीन ठळक वळ्या आणि मागे एक शेमला पुरे.

क्रम असा ठेवा. सुरुवातीला पात्राचा नुसता काळा ठोकळा काढा, आत डोळे-नाक काही नको, आणि मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढा करून बघा. गोदाची एक वेणी आणि खांद्यावरची पिशवी, आबांचा वाकलेला कणा आणि फेटा, रफिकची किटली. सावलीवरून ओळखू आले तर पुढे जा. मग टर्नअराउंड, म्हणजे तेच पात्र समोरून, पाऊण, बाजूने, पाऊण मागून आणि पूर्ण मागून, आडव्या रेषा ओढून डोळे-खांदे-गुडघे एका उंचीवर. मग आठ-दहा हावभाव. फक्त राग, आनंद, दुःख नकोत. त्या पात्राचेच खास हावभाव काढा. आबांचा ‘दिसलं नाही पण दिसलं म्हणतोय’ हा चेहरा मी अकरा वेळा काढला. मग तोंडाचे आकार, मराठी स्वर-व्यंजनांसाठी आठ-नऊ पुरतात. ‘प-ब-म’ला ओठ पूर्ण मिटलेच पाहिजेत, तिथे चूक झाली तर लहान मुलालाही खटकतं. हातांचं वेगळं पान. शेवटी सगळी पात्रं एका रांगेत उभी करून उंचीचा तक्ता. उंची पात्राच्या डोक्याच्या मापात मोजतात: गोदा तीन डोकी उंच, आबा वाकून पाच.

आधी गावाचा नकाशा

बॅकग्राउंड काढायला बसण्याआधी गाव वरून काढा. वेशीतून शाळेकडे जाताना मारुतीचं देऊळ उजवीकडे की डावीकडे? आबांच्या ओसरीतून आड दिसतो का? हे ठरलं नाही तर तिसऱ्या भागात सूर्य उलट्या बाजूने उगवतो. आठ-दहा मुख्य जागा नक्की करा आणि बहुतेक गोष्टी तिथेच घडवा. नवी जागा म्हणजे नवा खर्च.

रंगांसाठी ऋतू वापरा. मे महिन्यातल्या दुपारी आपलं आभाळ निळं नसतं, पांढरट असतं, सावल्या पायाखाली गोळा होतात आणि काळी माती राखेच्या रंगाला येते. ऑगस्टमध्ये तीच माती ओली, जवळजवळ जांभळट काळी, वर सोयाबीनचा हिरवा. जानेवारीत उभी ज्वारी, सकाळचं धुकं, हुरड्याचा धूर. तीन ऋतूंचे तीन तक्ते करा, प्रत्येकात बारा-पंधरा रंग, त्याबाहेर जायचं नाही. मोजक्या रंगांत किती होऊ शकतं याची शंका असेल तर अजिंठ्याला जा. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा चुना आणि एक दुरून आणलेला निळा दगड, एवढ्यावर त्या भिंती उभ्या आहेत. सतराव्या लेण्यात अर्धा तास उभं राहून फक्त तांबड्या रंगाच्या छटा मोजा.

बायबल

मालिकेचं बायबल म्हणजे सगळं एकत्र बांधलेली पुस्तिका. पंधरा-वीस पानं, त्याहून जास्त कोणी वाचत नाही. पहिल्या पानावर नाव आणि एक चित्र. दुसऱ्यावर दोन वाक्यांत मालिका. माझी अशी: ‘दुष्काळी गावातली नऊ वर्षांची गोदा हरवलेल्या वस्तू शोधते. आजोबा नारळाने शोधतात, ती डोळ्यांनी, आणि दर वेळी वस्तूबरोबर माणसाच्या मनातलं काहीतरी सापडतं.’ ही दोन वाक्यं मी चाळीसेक वेळा लिहिली असतील. मग जग, पात्रं, त्यांचे संबंध, एका भागाचा साचा, आठ-दहा भागांच्या छोट्या गोष्टी, सूर कसा आहे, दिसणार कशी, आणि शेवटी तुम्ही कोण. मराठीत करा, पण हिंदी किंवा इंग्रजी प्रतही तयार ठेवा. मुंबईत निर्णय घेणाऱ्या सगळ्यांना मराठी वाचता येईलच असं नाही.

पैठणच्या चित्रकथींकडून यासाठी मी एक गोष्ट उचलली. ते चित्रांची पोथी घेऊन बसत, एका वेळी एकच चित्र लोकांपुढे धरत आणि तेवढंच सांगत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी पैठणची चित्रं आहेत. बायबलचं प्रत्येक पान तसं असावं. पान उघडून समोरच्याला दाखवलं आणि तोंडाने चार वाक्यं सांगितली की ते पान संपलं पाहिजे.

एक भाग पूर्ण लिहा, आणि आवाज आधी

पहिला भाग ‘सगळ्यांची ओळख’ करून देण्यात घालवू नका. चौथ्या-पाचव्या क्रमांकाचा, मालिका रुळल्यावरचा भाग लिहा. चॅनेलला रोजची भाकरी कशी लागते ते बघायचं असतं. पटकथा हातात घेऊन घड्याळ लावून सगळे हावभाव करत मोठ्याने वाचा. कागदावर ‘गोदा विहिरीत उतरते’ हे तीन शब्द असतात, पडद्यावर वीस सेकंद.

आवाज चित्राच्या आधी रेकॉर्ड करतात, कारण तोंडाची हालचाल आणि थांबे त्यावरून ठरतात. स्टुडिओ परवडला नाही म्हणून अडू नका. मार्चमध्ये मानवतजवळच्या एका गावात आम्ही कापसाच्या खोलीत रेकॉर्डिंग केलं. भाव वाढेल म्हणून त्या घराने अर्धी खोली छतापर्यंत कापसाने भरून ठेवली होती. आत पाऊल टाकलं की स्वतःचा श्वास ऐकू यायचा, घुमणं म्हणून नाही. दारावर दोन वाकळी टांगल्या, पंखा बंद, फ्रीजची पिन काढली, आणि गोदाचा आवाज देणारी चौथीतली मुलगी कापसात गुडघाभर रुतून बोलली. इतका स्वच्छ आवाज मला पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत कधी मिळाला नव्हता. लहान मुलांना कागद वाचायला देऊ नका, वाचनाचा सूर येतो. तुम्ही वाक्य सांगा, प्रसंग सांगा, त्यांना त्यांच्या शब्दांत म्हणू द्या. प्रत्येक वाक्य तीनदा घ्या.

स्टोरीबोर्ड आणि ॲनिमॅटिक

सरासरी चार सेकंदांचा शॉट धरला तर अकरा मिनिटांत 165 शॉट. शॉटला तीन चौकटी धरल्या तर पाचशेच्या आसपास चित्रं. आधी कागदावर आगपेटीएवढ्या चौकटी काढा, एका पानावर वीस. इथे चित्र चांगलं काढायचा मोह आवरा. कोण कुठे उभं आहे, कॅमेरा कुठे आहे, नजर कुठून कुठे जाते, एवढंच. गोदा डावीकडून उजवीकडे पळत असेल तर पुढच्या शॉटलाही तिची दिशा तीच ठेवा, नाहीतर ती परत आल्यासारखी वाटते.

या चौकटी रेकॉर्ड केलेल्या आवाजावर वेळेप्रमाणे बसवल्या की ॲनिमॅटिक तयार होतं. माझं पहिलं ॲनिमॅटिक चौदा मिनिटांचं भरलं. कुठे कापायचं ते कळेना, म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीच्या वर्गाला दाखवलं. तुम्हीही दाखवा, आणि दाखवताना पडद्याकडे पाठ करून मुलांकडे तोंड करून बसा. हातात घड्याळ आणि वही. चार मिनिटं दहा सेकंदांना सगळी डोकी एकदम खिडकीकडे वळली. बाहेर शेळी होती, पण शेळी आधीपासूनच तिथे होती. पडद्यावर आबा खडकाचे थर समजावून सांगत होते. पन्नास सेकंदांचं ते बोलणं मी बारा सेकंदांवर आणलं: आबा दोन ढेकळांवर तांब्यातलं पाणी ओततात, एकावरून ओघळतं, दुसऱ्यात मुरतं. बोलणं शून्य. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या वर्गाने शेळीकडे पाहिलं नाही.

हलवायचं कसं

दर चित्र हाताने काढायचं की कठपुतळीसारखे सांधे बांधून रिग हलवायचा, हे मालिकेच्या खर्चावर ठरतं. बावन्न भागांना रिगच परवडतो. मी धावणं, पडणं, लाल्याचं उधळणं हाताने आणि बोलण्याचे प्रसंग रिगवर असं ठरवलंय. सुरुवातीला पैसे खर्च करू नका. क्रिटा, ब्लेंडरमधली ग्रीस पेन्सिल आणि 2016 पासून मोफत खुलं झालेलं ओपनटून्झ, या तिन्ही मोफत सॉफ्टवेअरवर शिकता येतं. मोहो आणि हार्मनी विकत घ्यावे लागतात, स्टुडिओत ते भेटतीलच. पूर्ण भाग ॲनिमेट करायच्या फंदात पडू नका. ॲनिमॅटिकमधली सर्वांत बोलकी एक मिनिट निवडा आणि ती शेवटच्या रंगापर्यंत पूर्ण करा.

हक्क

माझ्या पहिल्या पात्राचे हक्क मी एका कंपनीला दोन पानी कागदावर सही करून दिले. ‘सर्व माध्यमं, जगभर, कायमस्वरूपी’ ही ओळ मी वाचली होती, तिचा अर्थ मला लागला नव्हता. त्यांनी मालिका बनवली नाही. ते पात्र आजही मला कागदावर काढून छापता येत नाही.

कायदा एवढा समजून घ्या. नुसत्या कल्पनेला संरक्षण नाही, लिहिलेल्या मजकुराला आणि काढलेल्या चित्राला आहे, आणि ते तयार झाल्या क्षणापासून आहे. नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाला तर पुरावा म्हणून उपयोगी पडते. पटकथा आणि बायबल मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे सभासद होऊन नोंदवता येतं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 19 स्वतः वाचा. हक्क देणं लेखी आणि सहीनिशीच लागतं. कागदात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जातात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, आणि घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरलेच नाहीत तर ते संपतात. पण करारात वेगळं लिहिलं असेल तर करार चालतो, आणि बहुतेक करारांत वेगळंच लिहिलेलं असतं. म्हणून सहीआधी वकिलाला दाखवा. मालिका ठरावीक मुदतीत बनली नाही तर हक्क परत, हे एक वाक्य घालून घ्याच. मित्रांनी चित्रं काढून दिली असतील तर त्यांच्याशीही आजच कागद करा, मैत्री आहे तोवर.

टेबलावर

देवगिरी एक्स्प्रेस एका टोकाला मुंबईला जाते, जिथे चॅनेलची ऑफिसं आहेत, आणि दुसऱ्या टोकाला सिकंदराबादकडे, जिथे स्टुडिओ आहेत. मधे आपण. दोन्हीकडे जा. आधी एका पानाचा मेल पाठवा, बायबल मागितल्यावरच द्या. बैठकीत पंधरा-वीस मिनिटं मिळतात. पहिल्या दोन मिनिटांत दोन वाक्यं आणि ती एक मिनिटाची चित्रफीत, मग बोलणं. हमखास येणारे प्रश्न: इतर भाषांत चालेल का, मुलग्यांनाही आवडेल का, किती भागांच्या गोष्टी तयार आहेत, एका भागाला खर्च किती. भाषेच्या प्रश्नाचं उत्तर आधीच मालिकेत असावं लागतं. ‘हुडकी’त एकही शोध शब्दांच्या कोटीवर उभा नाही, प्रत्येक पुरावा डोळ्यांना दिसतो, त्यामुळे डबिंगमध्ये गोष्ट पडत नाही.

बैठक झाली की आठवड्याच्या आत आभाराचा मेल, तीन आठवड्यांनी एक आठवण, मग गप्प. आलेला प्रत्येक शेरा तारीख घालून वहीत लिहा, पण एकट्या शेऱ्यावर काही बदलू नका. तोच शेरा दुसऱ्या, पहिल्याशी संबंध नसलेल्या माणसाकडून आला की मग वही उघडा. मला हैदराबादेत एकाने आणि मुंबईत एकीने, दोघांनी एकच विचारलं: हिची आई कुठंय? मी उत्तर दिलं नव्हतं कारण माझ्याकडे नव्हतं. आता सव्विसावा भाग तोच लिहितोय. आई-बाबा दिवाळीपासून ऊसतोडीला गेलेत. सगळ्या गावाच्या वस्तू हुडकणारी गोदा आईला कधीच हुडकत नाही, कारण ती कुठे आहे ते तिला पक्कं ठाऊक आहे. कारखान्याचं नाव, तालुका, किती कोस, सगळं. रफिक विचारतो तेव्हा ती घडाघडा सांगते आणि स्टँडवर येणाऱ्या गाडीची पाटी वाचायला उठते.